डाग न धरणारा तुकडा

कुंडलिक मिस्त्रीनं टेपचं एक टोक सिंकखाली दाबून धरलं, दुसरं भिंतीपर्यंत ओढलं, आकडा कानामागच्या पेन्सिलीनं प्लायच्या तुकड्यावर टिपला आणि सहज विचारलं, "वहिनीनू, नव्या कपाटांच्या शटरांका फिनिश खयचो घालूया? मॅट, ग्लॉसी, काय ता एकदा सांगा." मथुरा सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ लावत होती. तिनं मान वर केली नाही. "ह्यांना विचार," ती म्हणाली, "मी काय इथे कायमची थोडीच आहे." आणि तुकडे उलटे करून तिनं दुसऱ्या बाजूला हळद लावायला घेतली.

बस, एवढंच झालं. कुंडलिक "बरा" म्हणाला आणि पुढच्या मापाकडे वळला. खालून भंगारवाला ओरडत गेला. मुलुंड पूर्वेच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या किचनच्या दारात हरेश्वर धुरी रविवारचा पेपर घेऊन उभा होता, तो तसाच उभा राहिला, पण त्यानंतर त्याला पेपरातलं एक अक्षर दिसेना. भांडणात बायको 'मी चालले' म्हणाली तर ती कुठेही जात नसते, हे लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळतं. तशी ती बरेचदा म्हणालीही होती आणि फार तर गॅलरीपर्यंत गेली होती. पण सुरमईला हळद लावताना, शांत आवाजात, मिस्त्रीच्या देखत? हे वाक्य रागातलं नव्हतं. हे माहिती दिल्यासारखं होतं. दूध संपलंय, लाईट बिल आलंय, मी काय इथे कायमची थोडीच आहे. कायमची नाही म्हणजे काय? जाणार? कुठे जाणार? की तिला काहीतरी झालंय, आणि कळलंय, आणि ती सांगत नाहीये? गेल्या महिन्यात तिनं दोन मोठी पातेली बहिणीकडे पाठवून दिली होती, "एवढी मोठी आता कुणासाठी?" म्हणत. तेव्हा त्याला ते कौतुकाचं वाटलं होतं. फोटो स्टुडिओत जाऊन पासपोर्ट साईजचे आठ फोटो काढून आणले होते. कशाला, ते त्यानं विचारलं नव्हतं. आठ फोटो लागतात कशाला माणसाला? आता ती पातेली आणि ते आठ फोटो त्याच्या डोक्यात एका रांगेत उभे राहिले आणि आठही फोटोंतली मथुरा त्याच्याकडे सारख्याच बिनचेहऱ्यानं बघायला लागली.

विचारायचं सोपं होतं. "काय गं, कायमची नाही म्हणजे काय?" एवढंच तर विचारायचं. पण हरेश्वरची अडचण अशी, की विचारलं तर ती उत्तर देईल. न विचारलेल्या गोष्टीला शंभर अर्थ असतात, त्यातले नव्वद तरी बरे असतात. उत्तर मात्र एकच येतं. म्हणून त्या दिवशी त्यानं सुरमईचे चार तुकडे मुकाट्यानं खाल्ले, काटा गिळला, वर सुका भात गिळला आणि ठरवलं, की आपण फिनिश निवडू. असा निवडू, की जिला जायचंय तिला दारातून परत वळावंसं वाटलं पाहिजे. काम मोठं नव्हतं. एका खोलीच्या शटरांना एक रंग. आणि हरेश्वर धुरीनं आयुष्यभर केलं तरी काय होतं? निवड! अंधेरी एमआयडीसीत औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं तो क्वालिटीत होता. झाकण उचलायचं, ट्यूबलाइटखाली धरायचं, फिरवायचं, पास. उचलायचं, धरायचं, फिरवायचं, फेल. केसाच्या निम्मा ओरखडा त्याला हातभर अंतरावरून दिसायचा. कंपनी दमणला गेली तेव्हा मालकानं भाषणात सांगितलं होतं, की धुरींच्या नजरेतून काही सुटत नाही. टाळ्या पडल्या होत्या. मथुराही त्या कार्यक्रमाला आली होती. टाळ्या वाजवताना ती थोडी हसली होती, आणि ते हसू कसलं होतं हे शोधायला त्याला आज, दोन वर्षांनी, बसावं लागत होतं.

कारण आधीचं किचनही त्यानंच निवडलं होतं. बावीस वर्षांपूर्वी, ही जागा नवी घेतली तेव्हा. नेत्रा तेव्हा तीन वर्षांची होती. लग्नात मथुरेनं हिरवा शालू नेसला होता, म्हणजे हिला हिरवा आवडतो, असा हिशोब करून त्यानं बाटलीहिरवा सनमायका आणून लावला होता. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून आधी सांगितलंही नव्हतं. तिनं आत येऊन चारी बाजूंना बघितलं होतं. "अंधार नाही ना होणार?" एवढंच विचारलं होतं. "ट्यूबलाइट लावू की," तो म्हणाला होता. ती ट्यूबलाइट बावीस वर्षं भर दुपारीसुद्धा जळत होती. मे महिन्यात बाहेर उन्हानं डोळे दिपायचे आणि आत मथुरा खाणीत उतरल्यासारखी दिव्याखाली वाटण वाटायची. आणि शालू? शालू तिच्या मामानं निवडला होता, हे त्याला नेत्राच्या पाचव्या वाढदिवसाला कुणीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. तोवर सनमायका चिकटून पक्का झाला होता. मथुरा त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. "असू दे," म्हणायची. हरेश्वरला आत्तापर्यंत वाटत होतं, की 'असू दे' म्हणजे चालेल.

घाटकोपरच्या शोरूममध्ये एसी इतका होता, की रंग बघायच्या आधी माणसाला अपराधी वाटायला लागावं. अबोली नावाची मुलगी टॅब घेऊन पुढे आली. "सर, कुकिंग कसं आहे तुमचं? लाइट की हेवी?" हरेश्वर म्हणाला, "मासे असतात." अबोलीनं 'हेवी' टाइप केलं. मग तिनं त्याला फिरवलं. हे पीयू, म्हणजे गाडीसारखा स्प्रे पेंट, सर, पण ओरखडा पडला की गेला. हे मेम्ब्रेन, दिसायला छान, गॅसजवळ सुटतं. हे लॅमिनेट, एव्हरग्रीन. हरेश्वरनं हात आडवा केला. "हिरवा नको," तो म्हणाला. "नाही सर, एव्हरग्रीन म्हणजे..." "हिरवा सोडून दाखव गं बाई." रंगांना नावं होती, आणि एकाही नावात रंग नव्हता. लंडन फॉग. डेझर्ट व्हिस्पर. मॉन्सून क्ले. चिखलाला मॉन्सून क्ले म्हटलं की तो भिंतीवर लावता येतो, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं. मग ती त्याला ग्लॉसी दालनात घेऊन गेली. चारी बाजूंच्या शटरांत हरेश्वर धुरी उभे होते. पांढऱ्यात एक, काळ्यात एक, निळ्यात दोन. पोट पुढे, खांदे खाली, हातात रिकामी पिशवी. एवढे सगळे हरेश्वर, आणि त्यातल्या एकाच्याही बाजूला मथुरा नव्हती. अर्थात नव्हती, ती घरी होती. पण त्याच्या मनात भलतंच आलं. उद्या असं ग्लॉसी किचन लावलं, आणि आपण पाणी प्यायला आत आलो, आणि चारी बाजूंना आपणच असलो तर? "ग्लॉसी नको," तो म्हणाला, "ह्यात माणसं दिसतात." अबोली हसली. "सर, तुम्ही मॅडमना घेऊन या ना. मॅडमना काय आवडतं?" साधा प्रश्न. बँकेत आईचं माहेरचं नाव विचारतात तसा. हरेश्वर डोळे मिटून आठवायला लागला. त्याला मथुरेच्या साड्या आठवेनात. कपाट आठवलं, घड्या आठवल्या, डांबरगोळ्यांचा वास आठवला, रंग आठवेना. "तिला काहीही चालतं," तो शेवटी म्हणाला, आणि अबोलीनं टॅबमध्ये काहीतरी टाइप केलं. काय टाइप केलं असेल, ह्याचा विचार त्यानं घरी येईपर्यंत केला.

संध्याकाळी नेत्राचा पुण्याहून फोन आला. "बाबा, आईला विचारलंस का रंग कुठला ते?" "ती मिस्त्रीला म्हणाली, ह्यांना विचार." "अरे मग तू तिला परत विचार ना!" "दोनदा विचारलं की बिघडतं." "काय बिघडतं?" हरेश्वर फोन घेऊन गॅलरीत गेला. मग आवाज खाली करून म्हणाला, "आई तुझ्याकडे राहायला यायचं काही म्हणतेय का गं?" "माझ्याकडे? आम्ही तिघी एका रूममध्ये राहतो बाबा. का? काय झालं?" "काही नाही. जनरल." "तू कधीच जनरल काही विचारत नाहीस," नेत्रा म्हणाली, आणि मग म्हणाली, "आईला फोन दे." त्यानं फोन दिला आणि भिंतीला कान लावून उभा राहिला. मथुरा पंधरा मिनिटं बोलली. त्यातली चौदा मिनिटं नेत्राच्या केसांबद्दल होती. उरलेल्या एका मिनिटात ती फक्त "हं" म्हणाली. त्या 'हं'वर हरेश्वरनं पुढचे चार दिवस काढले.

तिसऱ्या फेरीला अबोली जेवायला गेली होती. वाट बघता बघता तो काउंटरच्या कडेला गेला. तिथे नव्या आलेल्या सॅम्पलांची चळत होती, अजून बोर्डावर न लावलेली, आणि त्यात सगळ्यात वर तो तुकडा होता. आंबोळीच्या पिठासारखा पांढुरका, त्यात निळसर झाक. धुरकट. त्याच्यावर नजर टेकवली की ती टेकलेलीच राहत होती. त्यात कुणी दिसत नव्हतं. ना पोट, ना खांदे, ना रिकामी पिशवी. कडेला केसाएवढी लालसर रेघ दिसत होती, पण ती आतल्या थराची असणार. मागच्या चिठ्ठीवर नंबर होता, ॲक्रिलिक असं लिहिलं होतं आणि खाली छापलं होतं: वॉरंटी दहा वर्षं. हरेश्वरनं तुकडा ट्यूबलाइटखाली धरला. फिरवला. दोन वर्षांनी पहिल्यांदाच त्याच्या बोटांना आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. अबोली डबा खाता खाता धावत आली. "अरे वा सर! ते सकाळीच आलंय. एकदम प्रीमियम. लागल्यावर काय रिच दिसतं! घरी न्या, दोन दिवस ठेवा, पण लवकर सांगा हां, मोजक्याच शीट आहेत. आणि कट केल्यावर परत नाही घेत."

घरी त्यानं तुकड्याची रीतसर तपासणी लावली. डायनिंग टेबलावर पेपर अंथरला, तुकड्याचे पेनानं चार भाग केले. एकात ओली हळद, एकात कोकमाचं आगळ, एकात तिरफळं घातलेल्या बांगड्याचा रस्सा, चौथ्यात खोबरेल तेल. सकाळी लावलं, दुपारी पुसलं. काही नाही! डाग नाही, वास नाही, सावली नाही. आगळ, जे त्याच्या आईच्या साड्यांवरून मरेपर्यंत गेलं नव्हतं, ते ह्या तुकड्यावरून पाण्यासारखं निघून गेलं. कॉलिन मारलं, चकचकीत. नख मारलं, काही नाही. काथ्यानं घासलं तेव्हा एक बारीक ओरखडा उठला, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा हरेश्वर धुरीनं ओरखडा असलेली वस्तू पास केली. मथुरा पोळ्या लाटता लाटता हे सगळं बघत होती. "कसा वाटतो?" त्यानं तुकडा तिच्यापुढे धरला. तिनं पाहिला. "मोरीच्या पडद्यासारखा दिसतो," ती म्हणाली. "शांत आहे," तो म्हणाला, "डोळ्यांना त्रास नाही." "असेल." "दहा वर्षांची वॉरंटी आहे." हे त्यानं मुद्दाम तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हटलं. तिथे काही हलतंय का ते त्याला बघायचं होतं. मथुरेनं पोळी उलटली. "दहा वर्षं कुणी बघितलीत," ती म्हणाली. हरेश्वरनं त्याच दुपारी ऑर्डर दिली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. माणूस घाबरला की दार लावतो, तसं त्यानं किचन लावायला घेतलं.

काम आठ दिवस चाललं. कुंडलिकनं आधी आतले खण बसवले, शटरं मात्र त्याच्या भांडुपच्या वर्कशॉपमधून तयार होऊन शेवटच्या दिवशीच आली. मथुरा गॅलरीत इंडक्शनवर खिचडी करायची आणि शेवटच्या दिवशी, धूळ सहन होईना म्हणून, कांजूरला बहिणीकडे गेली. जाताना तिनं छोटी बॅग घेतली. "बॅग कशाला?" हरेश्वरच्या तोंडून निघून गेलं. "बहिणीला नारळ नेतेय," ती म्हणाली. नारळ होते, हे त्यानं ती चपला घालत असताना चेन उघडून बघितलं. दुपारी तो किचनमध्ये आला. सगळी शटरं बसली होती. पांढुरकी, धुरकट, शांत. पण प्रत्येक शटरच्या चारी कडांना लालभडक पट्टी होती. "कुंडलिक, ही लाल पट्टी कसली?" "एजबँड, साहेबानू. मॅचिंग आसा." "कशाला मॅचिंग?" कुंडलिकनं त्याच्याकडे बघितलं, मग शटरकडे, मग परत त्याच्याकडे. त्यानं सिंकखालच्या शटरचा कोपरा नखानं उचलला आणि बोटभर फिल्म सोलली. आतून पिकलेल्या रातांब्याच्या रंगाचा, काचेसारखा लखलखीत तुकडा बाहेर आला. त्यात कुंडलिकची मिशी दिसत होती. "कलर ह्यो आसा," कुंडलिक म्हणाला. "वरसून आसा ती फिल्म. गाडयेत ओरखडो पडा नये म्हणान कंपनी लावता." हरेश्वरला कंपनी, गाडी, ओरखडा, काही ऐकू आलं नाही. "मी त्याच्यावर आगळ टाकून बघितलं होतं," तो म्हणाला. "फिल्मीर?" "बांगड्याचा रस्सापण." कुंडलिकनं सभ्यपणानं खिडकीबाहेर बघितलं. "माका वाटला तुमका ठावक असतला," तो म्हणाला. "तुमी क्वालिटीवाले."

आणि खरं सांगायचं तर हे हरेश्वरला कळायला हवं होतं, कारण तो अशाच घरात वाढला होता. परळच्या चाळीत त्याच्या वडलांनी मिलच्या बोनसमधून लोखंडी कपाट घेतलं होतं, आणि त्याच्यावरचं पॉलिथिन काही काढलं नव्हतं. हात लावायचा नाही, कपाट नवं आहे! बावीस वर्षं ते नवं होतं. पॉलिथिन पिवळं पडलं, भेगा पडल्या, त्यात झुरळांनी संसार केले, पण कपाट नवं. वडील गेले, तेरावा झाला, तेव्हा आईनं ते ओरबाडून काढलं आणि आतून कालच आणल्यासारखं निळं कपाट निघालं. ते बघून ती वडील गेले त्या दिवशी रडली नव्हती एवढी रडली. हरेश्वरनंही पुढे टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवला, फ्रिजच्या हँडलला टॉवेल गुंडाळला, गाडी नव्हती म्हणून सीट कव्हरं वाचली. तेव्हा त्यानं कुंडलिकला जे सांगितलं ते त्याच्या रक्तातूनच आलं. "चिकटव परत," तो म्हणाला. "काय?" "फिल्म चिकटव. राहू दे अशीच." "साहेबानू, म्हयन्याभरात काढूक होयी. नायतर गोंद धरता, मगे बिलेडान खरवडूक लागात." "महिन्याचं महिन्यानं बघू. वहिनीला बोलू नकोस." कुंडलिकनं फिल्म दाबून बसवली. जाताना तो दारात थांबला. आपण कसल्या तरी पापात सामील होतोय, पण कसल्या ते कळत नाहीये, असा त्याचा चेहरा झाला होता.

मथुरा परत आली. बॅग रिकामी होती, हेही त्यानं बघितलं. तिनं किचनमध्ये उभं राहून चारी बाजूंना नजर फिरवली, अगदी बावीस वर्षांपूर्वी फिरवली होती तशी. हरेश्वर सिंकखालच्या कोपऱ्यापुढे जाऊन उभा राहिला. "कडा लाल कशाला?" "डिझाइन आहे." "असू दे," मथुरा म्हणाली. आणि ते 'असू दे' हरेश्वरला ओळखीचं होतं. तिनं भांडावं, ओरडावं, कुंडलिकला शिव्या द्याव्यात, हे सगळं चाललं असतं. पण लाल रंग दिसला तर ती परत 'असू दे' म्हणेल, आणि आतल्या आत, जिथे पातेली आणि आठ फोटो आहेत तिथे, आणखी एक गोष्ट बांधून ठेवेल, ही कल्पना त्याला सहन होईना. आता त्याच्या दिवसाला एकच काम उरलं: फिल्म सांभाळणं. आणि ती काही सांभाळून घेणारी नव्हती. भाताच्या वाफेनं गॅसजवळच्या शटरवर फोड आले. सिंकखालचा कोपरा, जो कुंडलिकनं उचलला होता, तो तर रोज सकाळी जीभ काढल्यासारखा बाहेर यायचा. हरेश्वर चिकटपट्टी घेऊन फिरायला लागला. मथुरा अंघोळीला गेली की दोन कोपरे, फोनवर असली की एक फोड. पट्टीवर पट्टी चढली. कुठे वाफ दिसली की तो फडकं घेऊन धावायचा. "आज सार नको करूस, कोरडं काहीतरी कर," म्हणायचा. "मासे तळूया नको, बाहेरून मागवू." मथुरा कमरेवर हात ठेवून बघायची. "तुमचं काय बिघडलंय? रिटायर झालेली माणसं गार्डनमध्ये जातात हो. तुम्ही माझ्या गॅसला का राखण बसलाय?" तो काहीबाही सांगायचा. स्वप्नात त्याला लाल कोपरे दिसायचे, आणि एकदा तर जागेपणी, तिच्या कपाळावरच्या टिकलीकडे बघून, तो हळूच हात पुढे करून ती दाबायला गेला होता. "काय करताय?" "सुटलीय वाटलं." "सुटली नाहीये," मथुरा म्हणाली, आणि मग बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

सव्विसाव्या दिवशी सकाळी, बुधवारी, ती मासे आणायला बाजारात गेली. त्याच्याकडे निदान तास होता. तो सिंकसमोर गुडघे टेकून बसला आणि शेवटची पट्टी त्या जीभ काढणाऱ्या कोपऱ्यावर मारली. रीळ संपलं. आतलं पुठ्ठ्याचं कडं हातात राहिलं. आणि मागे पिशवी ठेवल्याचा आवाज आला. "मासेवाली पाटलीण आलीच नाही आज," मथुरा म्हणाली. मग तिची नजर खाली गेली. हरेश्वर गुडघ्यांवरच वळला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्याच्यासमोर शेकडो माल फेल झाला होता. फेल होणाऱ्या मालाला कसं वाटतं, ते त्याला आज कळलं. "सरका," मथुरा म्हणाली. तो सरकला. ती खाली वाकली, तिनं कोपरा चिमटीत धरला आणि ओढला. चर्रर्र करून अख्खी फिल्म चिकटपट्ट्यांसकट निघून आली. मग तिनं पुढचं शटर घेतलं. मग त्याच्या पुढचं. घाई नव्हती, एका सलग ओढीत, फाटू न देता, गालात जीभ घालून, शाळेतली मुलगी पुस्तकाला कव्हर घालते त्या मन लावण्यानं ती सोलत गेली. पाच शटरं झाली तेव्हा खिडकीतलं ऊन त्यांच्यावर पडलं आणि सगळं किचन रातांब्याच्या रसात बुडल्यासारखं झालं. हरेश्वर वाट बघत होता. आता म्हणेल. असू दे म्हणेल.

"काय जाड झालेय मी," शटरमध्ये बघत मथुरा म्हणाली.

"परत घेत नाहीत ते," हरेश्वर म्हणाला. "मला वाटलं तो पांढराच आहे. मी विचारलं नाही. मी सगळं टाकून बघितलं त्याच्यावर, पण—"

"माहितेय. पहिल्याच दिवशी कोपरा काढून बघितला मी. कडा लाल आणि डिझाइन म्हणे! म्हटलं बघू, किती दिवस चिकटवत बसतायत."

"तू बोलली नाहीस."

"तुम्ही कुठे बोललात?"

आणि मग, आता लपवायला हातात काहीच उरलं नाही म्हणून असेल, किंवा गुडघे दुखत होते म्हणून असेल, त्याच्या तोंडून ते निघालं. "तू जाणार आहेस का?"

"कुठे?"

"त्या दिवशी म्हणालीस. कुंडलिक माप घेत होता तेव्हा. मी काय इथे कायमची थोडीच आहे, म्हणालीस."

मथुरेनं आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, कपाळाला आठ्या घालून. "म्हणाले असेन," ती म्हणाली. "रोजच म्हणते. कधी तुम्ही पेपरात असता, कधी मॅचमध्ये. ह्या वेळी ऐकलंत, एवढंच."

हरेश्वरनं हातातलं पुठ्ठ्याचं कडं फिरवलं. रोज. बावीस वर्षं गुणिले तीनशे पासष्ट, हे त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झालं आणि त्यानंच ते घाबरून थांबवलं. "दोन महिने हे डोक्यात घेऊन फिरताय?" मथुरा म्हणाली. "आणि विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

ह्यावर ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही. "कुठे जाणार मी," ती म्हणाली. "जायचं तर लोकांना माहेर लागतं, माझं तर ते पण विकून झालं. पण आहे म्हणजे आहेच, असं धरून नका चालू."

"नाही चालत." तो उठून उभा राहिला. "काय बदलायचं ते सांग. रंग बदलूया. नवीन शटरं—"

"रंग मरू दे हो. रंग बराय. उजेड तरी आला." तिनं वर बोट केलं. "ते."

वर ओट्याच्या माथ्यावर कपाटांची ओळ होती. जुन्याच भोकांत, जुन्याच उंचीवर बसवलेली. मथुरा ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिनं हात वर ताणला. टाचा उचलल्या. तिची बोटं कपाटाच्या खालच्या कडेला जेमतेम लागली. "बावीस वर्षं पाटावर चढून डबे काढतेय," ती म्हणाली. "आणि तुम्ही काय केलंत, तर किचन मॉड्युलर झालं म्हणून तो पाट परवा भंगारात देऊन टाकलात." हरेश्वरला तो पाट आठवला. त्याला तो बसायचा वाटायचा. ज्याच्या नजरेतून झाकणावरचा केस सुटत नव्हता, त्याच्या डोळ्यांसमोर एक बाई रोज पंधरा-वीस वेळा चढत-उतरत होती.

त्यानं कुंडलिकला फोन लावला. "अकराक येतंय," कुंडलिक म्हणाला, "मार्किंग तेवढा करून ठेवा." हरेश्वर पेन्सिल घेऊन आला. "दाखव, किती खाली हवं ते." मथुरा उभ्या कपाटाच्या लाल शटरजवळ गेली, हात ताणला नाही, सहज जाईल तेवढाच वर नेला. "इथवर. एकदाच दाखवते, नीट बघा." त्यानं तिच्या बोटांच्या टोकाशी रेघ मारली. पेन्सिल सटकली. पुन्हा मारली. त्या गुळगुळीत लालावर शिसं टिकेना. मथुरेनं हात खाली घेतला, आणि जागा हरवायच्या आत त्यानं झटकन तिथे आपलं बोट टेकवलं.

"चिकटपट्टी लावा की," मथुरा म्हणाली.

"संपली."

बोट न उचलता तो इकडेतिकडे बघायला लागला. हाताशी काहीच नव्हतं. मग त्याची नजर तिच्या कपाळावर गेली. "टिकली आहे की," तो आशेनं म्हणाला.

मथुरेनं कपाळाला हात लावला. "आहे," ती म्हणाली. पण काढली नाही. त्याच्याकडे बघितलं, त्याच्या खांद्याच्या वर गेलेल्या हाताकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं बाहेरून खुर्ची ओढत आणली आणि त्याच्यासमोर मांडून निवांत बसली.

"धरा तसंच," मथुरा म्हणाली. "हलवू नका. आता पहिल्यापासून सांगते."

हरेश्वरनं अंगाचा भार डाव्या पायावरून उजव्यावर घेतला आणि बोट घट्ट दाबून धरलं.